गुलामगिरीतून नेतृत्वाकडे : टस्कीगीचा धडा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जेम्स बरोज नावाचा एक मध्यम कुवतीचा शेतकरी १८६१ साली मरण पावला. त्याच्या मागे त्याच्या मालमत्तेची रीतसर यादी करण्यात आली. गुरेढोरे, अवजारे, घरसामान यांच्याबरोबर त्या यादीत माणसांचीही मोजदाद होती आणि प्रत्येकापुढे किंमत लिहिलेली होती. ‘बुकर’ नावाच्या पाच वर्षांच्या काळ्या मुलापुढे आकडा होता चारशे डॉलर. हाच मुलगा पुढे बुकर टी. वॉशिंग्टन या नावाने जगाला माहीत झाला. १९१५ च्या नोव्हेंबरात ते निवर्तले तेव्हा अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे त्यांनी उभारलेल्या संस्थेत सुमारे दीड हजार विद्यार्थी शिकत होते, लहानमोठ्या शंभराहून अधिक इमारती उभ्या होत्या आणि संस्थेचा कायम निधी वीस लाख डॉलरांच्या घरात गेला होता. १९०१ साली अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलावले होते. आणि एका काळ्या माणसाला आपल्या टेबलावर बसवले म्हणून दक्षिणेतील वृत्तपत्रांनी अध्यक्षांवर आगपाखड केली होती.

हा प्रवास कसा घडला? बक्षीस समारंभातून या प्रश्नाचे जे उत्तर दिले जाते ते सोपे असते. मुलगा कष्टाळू होता, प्रामाणिक होता, त्याने शिक्षणाचा ध्यास घेतला आणि तो मोठा झाला. हे उत्तर खोटे नाही. पण ते अर्धे आहे. उरलेल्या अर्ध्या उत्तरात जमीन येते, कर्ज येते, मतदानाचा हक्क येतो आणि सत्ता येते. सामाजिक परिवर्तनाचे काम करू इच्छिणाऱ्यांनी दोन्ही अर्ध्या भागांचा एकत्र विचार केला पाहिजे. नाही तर शाळा काढणारा कार्यकर्ता मोर्चाला हसतो आणि मोर्चा काढणारा शाळेला, असे आपल्याकडे जे वारंवार घडते ते घडतच राहील.

अक्षराची धास्ती

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे चाळीस लाख गुलाम होते. त्यांच्या श्रमावर कापसाची सारी अर्थव्यवस्था उभी होती. गुलामाला मारहाण करण्यास कायद्याने फारसा अडथळा केला नव्हता. त्याला लिहायला शिकवण्यास मात्र केला होता. साउथ कॅरोलायनात असा कायदा १७४० मध्येच झाला. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर या गुलामाने बंड केले. टर्नर वाचू शकत होता. त्यानंतर दक्षिणेतील अनेक राज्यांनी हे निर्बंध अधिक कडक केले. मालक वर्गाला अक्षराची एवढी धास्ती का वाटावी? कारण उघड आहे. ज्याला वाचता येते तो परवान्याची चिठ्ठी लिहू शकतो, वृत्तपत्र पाहू शकतो, हिशेब मांडू शकतो. आणि आपल्या श्रमाचा हिशेब ज्याला मांडता आला त्याला गुलाम म्हणून ठेवणे कठीण जाते. ज्या समाजात ज्ञानाचा अधिकार जन्मावर ठरवला गेला त्या समाजातील लोकांना ही गोष्ट फोड करून सांगण्याची गरज नाही.

१८६५ मध्ये यादवी युद्ध संपले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली. माणूस मोकळा झाला, पण मोकळा झाला तो रिकाम्या हातांनी. जनरल शर्मन यांच्या जानेवारी १८६५ च्या आदेशाने समुद्रकाठच्या पट्ट्यात मुक्त गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत जमीन देण्याची योजना सुरू झाली होती. अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती गुंडाळली आणि बहुतेक जमीन पूर्वीच्या मालकांना परत केली. मग भूमिहीन मुक्त माणसाने करायचे काय? तो जुन्या मालकाच्याच शेतावर बटाईने राबू लागला. पीक हाती येईपर्यंत खाण्यापिण्याची उधारी गावातील दुकानदाराकडे, आणि त्या उधारीपोटी उभे पीक तारण. रॅन्सम आणि सच या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या उधारीचा अभ्यास करून १९७७ मध्ये दाखवून दिले की, रोखीचा भाव आणि उधारीचा भाव यांतील फरक लक्षात घेता व्याजाचा वार्षिक दर साठ टक्क्यांच्या आसपास पडत होता. सावकारीचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हा आकडा ऐकून नवल वाटणार नाही. दुकानदार कापसावरच उधारी देई. त्यामुळे शेतकऱ्याने धान्य पेरायचे सोडून कापूसच पेरायचा आणि खाण्याचे धान्य पुन्हा उधारीने आणायचे, असे हे चक्र होते. ज्या थोड्या लोकांनी पैसा गाठीला बांधला त्यांचीही गत वेगळी झाली नाही. मुक्त गुलामांसाठी काढलेली बचत बँक १८७४ साली बुडाली, तेव्हा सुमारे एकसष्ट हजार ठेवीदारांच्या जवळजवळ तीस लाख डॉलरांच्या ठेवी तिच्यात होत्या.

बुकर वॉशिंग्टन यांची ‘स्वावलंबन’ ही कल्पना या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. ती आश्रमातील शांततेत सुचलेली नाही. ज्याचा कायदा, जमीन आणि बँक यांनी एकापाठोपाठ एक विश्वासघात केला अशा समाजाचा तो अनुभव होता.

मिठाच्या पिंपावरील आकडा

बुकरची आई जेन ही मळ्यावर स्वयंपाकीण होती. वडील गोरे होते एवढेच त्याला ठाऊक होते. त्यांचे नावही त्याला कधी कळले नाही. मुक्तीनंतर हे कुटुंब वेस्ट व्हर्जिनियातील माल्डन येथे गेले. तेथे सावत्र बाप मिठाच्या भट्टीवर कामाला होता, आणि मुलालाही तेथेच जुंपण्यात आले. मीठ भरणाऱ्या प्रत्येक मजुराच्या पिंपांवर त्याचा त्याचा क्रमांक टाकला जाई. सावत्र बापाचा क्रमांक अठरा होता. बुकरला ओळखता आलेले पहिले चिन्ह ते. पुढे आईने कोठून तरी एक जुने अक्षरओळखीचे पुस्तक मिळवले. गावात काळ्या मुलांची शाळा निघाली, पण घराला त्याच्या मजुरीची गरज होती. म्हणून पहाटे भट्टीवर काम करून शाळा आणि शाळा सुटल्यावर पुन्हा काम, असा क्रम त्याने घालून घेतला. शाळेत हजेरी घेताना इतर मुलांना दोन दोन नावे आहेत आणि आपल्याला एकच आहे हे लक्षात आल्यावर त्याने आपले दुसरे नाव स्वतःच ठरवले : वॉशिंग्टन. गुलामाला आडनाव नसे. मुक्त माणसाने ते स्वतः घेतले.

पुढे कोळशाच्या खाणीत काम करत असताना दोन मजूर हॅम्प्टन येथील एका शाळेविषयी बोलत असलेले त्याने ऐकले. तेथे गरीब काळ्या मुलांना काम करून शिकता येते, असे ते म्हणत होते. १८७२ साली सोळा वर्षांचा बुकर तिकडे निघाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे अंतर सुमारे पाचशे मैल होते. काही प्रवास त्याने गाडीने केला, बराचसा पायी. रिचमंड शहरात पैसे संपले, तेव्हा लाकडी पदपथाखालच्या पोकळीत झोपून आणि दिवसा जहाजावर हमाली करून त्याने काही दिवस काढले. हॅम्प्टनला पोहोचला तेव्हा त्याच्या खिशात पन्नास सेंट उरले होते. तेथील मुख्य शिक्षिकेने त्याची जी प्रवेशपरीक्षा घेतली ती प्रसिद्धच आहे. तिने त्याच्या हाती झाडू दिला आणि वर्ग स्वच्छ करायला सांगितले. त्याने तो तीनदा झाडला, चारदा पुसला. शिक्षिकेने हातरुमाल फिरवून पाहिला. धूळ सापडली नाही. त्याला प्रवेश मिळाला आणि इमारतीची देखभाल करण्याचे कामही मिळाले. त्या कामाच्या मोबदल्यात त्याचा राहण्याजेवण्याचा खर्च भागू लागला.

मतातून उगवलेली शाळा

टस्कीगीची शाळा ४ जुलै १८८१ रोजी सुरू झाली. ती सुरू कशी झाली याचा वृत्तांत मोठा उद्बोधक आहे, आणि तोच बहुधा सांगायचा राहून जातो. १८८० च्या निवडणुकीत डब्ल्यू. एफ. फॉस्टर हे दक्षिणेच्या सैन्यातील माजी कर्नल अलाबामाच्या विधिमंडळासाठी उभे होते. मेकन परगण्यात काळ्यांची मते निर्णायक होती. फॉस्टर यांनी लुईस ॲडम्स यांच्याकडे मते मागितली. ॲडम्स हे एकेकाळचे गुलाम. पत्र्याचे काम, चर्मकाम अशा हुन्नरांत निष्णात आणि आपल्या समाजात वजन असलेले. त्यांनी स्वतःसाठी नोकरी मागितली नाही, कंत्राट मागितले नाही. आमच्या मुलांसाठी शिक्षक तयार करणारी शाळा द्या, असे त्यांनी सांगितले. फॉस्टर निवडून आले, विधेयक संमत झाले आणि शिक्षकांच्या पगारासाठी सालीना दोन हजार डॉलर मंजूर झाले. ज्या संस्थेकडे जग स्वावलंबनाचे मंदिर म्हणून पाहते तिचा पाया मताच्या सौद्याने घातला गेला होता. सौदा हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. मत विकणारा आणि मताच्या बळावर समाजाचे काम करून घेणारा, या दोघांतील फरक ज्याला कळला त्याला लोकशाहीचा पहिला पाठ कळला.

सरकारने पैसे दिले ते फक्त पगारासाठी. जागा नव्हती, इमारत नव्हती. पंचवीस वर्षांच्या वॉशिंग्टन यांनी चर्चशेजारच्या मोडक्या खोपटात तीस विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू केला. नंतर त्यांनी गावाबाहेरचा शंभर एकरांचा एक पडीक मळा पाचशे डॉलरांना ठरवला. निम्मी रक्कम हॅम्प्टनच्या खजिनदाराने स्वतःच्या खिशातून उसनी दिली. उरलेली देणगीने, जत्रा भरवून, घरोघर फिरून जमवण्यात आली. या कामात ऑलिव्हिया डेव्हिडसन या शिक्षिकेचा वाटा फार मोठा होता. गुलामीत आयुष्य घालवलेली सत्तरीची एक म्हातारी फाटक्या कपड्यांत काठी टेकत आली आणि मुलांच्या शिक्षणासाठी जमवलेली सहा अंडी देऊन गेली, अशी नोंद वॉशिंग्टन यांनी करून ठेवली आहे. पुढे अँड्र्यू कार्नेगी यांनी या संस्थेला सहा लाख डॉलरांचे रोखे दिले. हिशेबाच्या वहीत सहा लाख मोठे. पण संस्थेचा अधिकार कोणाकडून आला हे विचारल्यास उत्तर त्या सहा अंड्यांकडे बोट दाखवते.

इमारतीला विटा हव्यात, आणि गावात वीटभट्टी नाही. विद्यार्थ्यांनी गुडघाभर चिखल तुडवून भट्टी लावली, ती फसली. दुसरी फसली, तिसरीही फसली. चौथ्या भट्टीसाठी वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ पंधरा डॉलरांना गहाण टाकले. घड्याळ गेले, पण विटा भाजून निघाल्या. १९०० च्या सुमारास विद्यार्थी एका हंगामात बारा लाख विटा पाडत होते आणि आजूबाजूचे गोरे लोकही त्या विकत घेत होते. पहिल्या एकोणीस वर्षांत उभ्या राहिलेल्या चाळीस इमारतींपैकी चार सोडून बाकीच्या जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्यांच्या श्रमाने उभ्या राहिल्या. ज्यांच्याकडे काहीच नव्हते त्यांच्यासाठी रात्रशाळा होती : दिवसा दहा तास एखाद्या धंद्यात काम आणि रात्री दोन तास अभ्यास. त्या कामाच्या मजुरीतला भाग शिल्लक टाकून पुढे दिवसाच्या शाळेचा खर्च भागवायचा. १८९६ मध्ये येथेच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आले. वीणा गवाणकर यांच्या १९८१ च्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे ते मराठी घराघरांत पोहोचले आहेत. कापसाने थकलेल्या जमिनीत भुईमूग आणि रताळी घ्या, हे कार्व्हर शेतकऱ्याला सांगत होते तेव्हा ते केवळ कृषिशास्त्र सांगत नव्हते. दुकानदाराच्या उधारीतून सुटण्याची वाट दाखवत होते. १९०६ पासून तर शेतीची अवजारे आणि बियाणे घेऊन घोड्यांची एक गाडीच टस्कीगीहून खेडोपाडी फिरू लागली.

राबणे आणि राबवले जाणे

टस्कीगीच्या पहिल्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी या श्रमाला विरोध केला होता. अडीचशे वर्षे आम्ही हेच केले, आता शाळेत येऊनही कुदळच धरायची काय, असा त्यांचा सवाल होता. तो मूर्खपणाचा सवाल नव्हता. वॉशिंग्टन यांनी त्याला उत्तर दिले ते कुऱ्हाड घेऊन स्वतः जंगल तोडायला जाऊन. राबणे आणि राबवले जाणे यांत फरक आहे, हे त्यांचे सूत्र होते. ज्या श्रमाची दिशा श्रम करणारा ठरवतो आणि ज्याचे फळ त्याच्या समाजाकडे राहते तो श्रम माणसाला उभा करतो. ज्याची दिशा आणि फळ दोन्ही दुसऱ्याच्या हाती असतात तो श्रम माणसाला वाकवतो.

आपल्याकडे श्रमप्रतिष्ठेचे गोडवे गाताना हा भेद पुसला जातो. हॅम्प्टनच्या शिक्षिकेने झाडू दिला ती गोष्ट आपण शाळेत कौतुकाने सांगतो. पण या देशात झाडू जन्माने वाटला गेलेला आहे. ज्याच्या घराण्याच्या हातून तो पिढ्यानपिढ्या सुटला नाही त्याला झाडूचे महत्त्व शिकवायला जाणे ही क्रूर थट्टा होय. तो पाठ ज्याने झाडूला कधी हात लावला नाही त्याच्यासाठी आहे. गुलामाच्या मुलाला धंदेशिक्षण आणि मालकाच्या मुलाला उच्चशिक्षण, अशी वाटणी झाली की स्वावलंबनाच्या नावाखाली जुनीच उतरंड नव्या रंगात उभी राहते. वॉशिंग्टन यांच्यावर त्यांच्याच समाजातून जी टीका झाली तिचे एक मूळ येथे आहे.

अटलांटाची तडजोड

१८९५ च्या सप्टेंबरात अटलांटा येथील प्रदर्शनात वॉशिंग्टन यांनी गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र सभेपुढे भाषण केले. सामाजिक व्यवहारात आपण हाताच्या बोटांसारखे वेगळे राहू, आर्थिक प्रगतीत हातासारखे एक होऊ, असा त्याचा आशय होता. समान हक्कांसाठी आंदोलन करण्याऐवजी शेती, हुन्नर, व्यापार यांत पाय रोवावेत. उपयुक्त माणसाचा मान जग आज ना उद्या ठेवतेच, अशी त्यांची श्रद्धा होती. गोऱ्या अमेरिकेने या भाषणावर टाळ्यांचा वर्षाव केला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व उचलून धरले आणि वेगळेपण तेवढे अमलात आले.

१९०१ मध्ये अलाबामाने नवी राज्यघटना केली. साक्षरता, मालमत्ता, मतदान कर अशा अटी घालण्यात आल्या. १९०० मध्ये या राज्यात एक लाख ऐंशी हजारांहून अधिक काळे पुरुष मतदानास पात्र होते; १९०३ मध्ये मतदारयादीत त्यांपैकी तीन हजारही उरले नाहीत. मतदान कराने हजारो गरीब गोऱ्यांचेही मत गेले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वर्णद्वेषाच्या झेंड्याखाली धनिकांनी दोन्हीकडच्या गरिबांना हद्दपार केले. मत गेले आणि त्यापाठोपाठ सरकारी शाळांच्या खर्चातील काळ्या मुलांचा वाटा आणखी आकसला. ज्या मताच्या बळावर लुईस ॲडम्स यांनी शाळा मिळवली ते मतच वीस वर्षांत नाहीसे झाले.

मॅसॅच्युसेट्समध्ये स्वतंत्र कुटुंबात जन्मलेले आणि हार्वर्डची डॉक्टरेट मिळवलेले डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०३ मध्ये या धोरणाची चिकित्सा केली. वॉशिंग्टन यांच्या कार्याचा योग्य तो मान ठेवून त्यांनी विचारले : ज्याला मत नाही तो कारागीर आपल्या मालमत्तेचे रक्षण कसे करणार? ज्याला निमूटपणे दुय्यम स्थान पत्करायचे आहे त्याच्या अंगी स्वाभिमान कसा बाणणार? आणि उच्चशिक्षित शिक्षक नसतील तर खुद्द टस्कीगीला शिकवणारे कोठून मिळणार? इतिहासाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार निर्दयपणे दिले. ओक्लाहोमातील टल्सा शहरात काळ्यांनी ग्रीनवुड ही भरभराटीची पेठ उभारली होती. दुकाने, हॉटेले, दवाखाने, वृत्तपत्र सारे तेथे होते. उद्योगशीलतेचा याहून चांगला नमुना सापडणार नाही. १९२१ मध्ये ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने तिचे पस्तीस चौक जाळून टाकले. १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत जमावाने ठार मारलेल्या काळ्यांची संख्या ३,४४६ भरते. ही नोंद ठेवली ती टस्कीगी संस्थेनेच.

वॉशिंग्टन यांना हे कळत नव्हते असे मात्र नाही. त्यांच्या कागदपत्रांचे संपादन करणारे इतिहासकार लुईस हार्लन यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत पुढे आणलेला पुरावा चकित करणारा आहे. उघडपणे आंदोलनाला विरोध करणारे वॉशिंग्टन गुप्तपणे वकिलांना पैसे पुरवत होते. अलाबामातील मताधिकार हिरावण्याविरुद्धचा १९०३ चा गाइल्स खटला त्यांच्याच पैशावर लढवला गेला आणि हरला. कर्जापोटी वेठीला धरण्याविरुद्धचा बेली खटला मात्र १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. त्याहीमागे त्यांचे साहाय्य होते. त्याच वेळी आपल्या काळ्या टीकाकारांची मुस्कटदाबी करण्यासाठीही त्यांनी आपल्या वजनाचा उपयोग केला. देणगीदार नाराज होऊ नये म्हणून जो पुढारी एक तोंड चारचौघांत आणि दुसरे अंधारात ठेवतो, त्याचा समाज त्याच्या धैर्यातून काही शिकू शकत नाही. ही एका व्यक्तीच्या स्वभावाची खोड नव्हती. दुसऱ्याच्या पैशावर उभ्या असलेल्या स्वावलंबनाचे ते अटळ ओझे होते.

भांडवल कोणाचे, लढा कोणाचा

मग टस्कीगीचा मार्ग व्यर्थ होता काय? तसे म्हणणे हाही अन्याय होईल. १८७० मध्ये काळ्या लोकांत निरक्षरतेचे प्रमाण ऐंशी टक्के होते. १९१० मध्ये ते तीस टक्क्यांवर आले. चाळीस वर्षांत, आणि शत्रुवत सरकारांच्या राज्यात, एवढा पल्ला गाठलेल्या जनसमूहांची उदाहरणे जगात थोडी आहेत. १९१२ पासून ज्यूलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या मदतीने टस्कीगीने खेड्यांत शाळा बांधण्याची योजना सुरू केली. १९३२ पर्यंत जवळजवळ पाच हजार शाळा झाल्या. त्यांत रोझेनवाल्ड निधीचे सुमारे त्रेचाळीस लाख डॉलर होते. आणि बटाईने शेती करणाऱ्या काळ्या लोकांनी स्वतः दिलेली रक्कम सत्तेचाळीस लाखांची होती. लोक कर देतच होते. शाळेसाठी त्यांनी दुसऱ्यांदा पैसे मोजले. यात त्यांची जिद्द दिसते तशी सरकारची लबाडीही दिसते. स्वावलंबनाचे कौतुक करताना सरकारला त्याच्या कर्तव्यातून मोकळे सोडू नये, हा इशारा या आकड्यांत आहे.

पण या गोष्टीचा खरा शेवट टस्कीगी गावातच झाला. १९२३ मध्ये तेथे काळ्या सैनिकांसाठी केंद्र सरकारचे इस्पितळ निघाले. संस्थेतले शिक्षक आणि इस्पितळातले कर्मचारी यांचा पगार स्थानिक जमीनदारांच्या किंवा दुकानदारांच्या हातात नव्हता. म्हणूनच त्यांना मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा आग्रह धरता आला. समाजशास्त्राचे प्राध्यापक चार्ल्स गोमिलियन यांच्या नेतृत्वाखाली नोंदणी वाढू लागली. तेव्हा १९५७ मध्ये अलाबामाच्या विधिमंडळाने गावाची चौकोनी हद्द बदलून ती अठ्ठावीस बाजूंची केली आणि सुमारे चारशे काळ्या मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे गावाबाहेर ठेवले. लोकांनी गोऱ्यांच्या दुकानांवर बहिष्कार घातला. कित्येक दुकाने बंद पडली. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हद्द घटनाबाह्य ठरवण्याचा मार्ग मोकळा केला. १९५५ मध्ये माँटगोमेरीच्या बसमध्ये जागा सोडण्यास नकार देणाऱ्या रोझा पार्क्स यांचा जन्म टस्कीगीचाच, १९१३ सालचा. ३८१ दिवस चाललेला तो बस-बहिष्कार आणि १९६५ चा मताधिकार कायदा यांच्यामागे शाळा, चर्च, रेल्वे हमालांची कामगार संघटना आणि स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या संस्था यांचे दीर्घ भांडवल होते. वॉशिंग्टन यांनी साठवले ते डू बॉइस यांच्या वाटेने खर्ची पडले, असे म्हटल्यास ते चुकीचे होणार नाही.

आपल्या मातीतील सूत्र

या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला. टस्कीगीची शाळा निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, त्यांनी हंटर आयोगापुढे मागणी केली की, रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे उच्चशिक्षण चालते. तो पैसा बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च व्हावा आणि त्या शिक्षणात शेतीचे व व्यवहाराचे ज्ञान असावे. धंदेशिक्षणाची मागणी आणि करांच्या वाटपावरील सवाल एकाच निवेदनात आहेत, हे फुल्यांचे मोठेपण. १९०३ मध्ये गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील ‘इंडियन ओपिनियन’मधून वॉशिंग्टन यांचा परिचय करून दिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा स्वावलंबी शिक्षण हेच ब्रीद ठरवले. वसतिगृहातील मुलांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले. त्यांनी शिक्षणाला संघटनेची आणि संघर्षाची जोड दिली. आणि १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या निवेदनाची प्रत मागवली. समान दुःखाचे लोक एकमेकांना शोधून काढतात, ते असे.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी फावडे, मत आणि तुरुंग ही तीन प्रतीके कार्यकर्त्यांपुढे ठेवली. टस्कीगीच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासाला ती नेमकी लागू पडतात. फावडे हाती होते म्हणून विटा झाल्या, शाळा झाल्या. मत गेले तेव्हा त्या शाळांना कोणी वाली उरला नाही. आणि तुरुंगात जाण्याची तयारी झाली तेव्हा मत परत आले.

तेव्हा खेड्यात वसतिगृह चालवणाऱ्या, सहकारी संस्था उभारणाऱ्या किंवा रात्रशाळा घेणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या कामाला तीन प्रश्न विचारावेत. या संस्थेत राबणाऱ्याच्या श्रमाचे फळ त्याच्याकडे राहते काय? ज्याच्या देणगीवर ती चालते त्याच्याविरुद्ध सत्य बोलण्याची वेळ आली तर ती बोलू शकेल काय? आणि येथून बाहेर पडणारा मुलगा किंवा मुलगी केवळ नोकरीला लायक होते, की गावच्या सभेत उभे राहून ग्रामपंचायतीचा हिशेब मागू शकते? तिन्ही उत्तरे होकारार्थी असतील तर ते काम रचनात्मकही आहे आणि संघर्षाचेही. एखादे उत्तर नकारार्थी असेल, तर शाळा बंद करण्याचे कारण नाही. ती कोणाच्या बळावर उभी आहे, याचा हिशेब तेवढा पुन्हा मांडायला बसले पाहिजे.